महापालिकेची प्राथमिक शाळा कशी पारखावी? ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सरकारी शाळा’ म्हणतो ती नेमकी कोणाची असते?

ठाणे शहरात, म्हणजे कोपरी-नौपाड्यापासून घोडबंदर रोड, कळवा, मुंब्रा, दिव्यापर्यंत, प्राथमिक शाळा ठाणे महापालिकेच्या. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिकेच्या. खारघर, कामोठे, कळंबोलीला सगळे नवी मुंबई म्हणतात, पण तो भाग पनवेल महापालिकेचा आणि जिल्हा रायगड. शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यांत शाळा ठाणे जिल्हा परिषदेच्या. तक्रार किंवा अर्ज कुठे करायचा ते यावरून ठरतं, म्हणून हे आधी पक्कं करा. पाटीवर ‘विद्यालय’ लिहिलेलं असलं तरी शाळा खासगी अनुदानित असू शकते, किंवा दिवा-मुंब्र्याकडे चक्क अनधिकृत. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतात, ती प्रवेशाआधी वाचा.

शाळेत न जाता काय कळू शकतं?

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. तो फलकावर किंवा मुलाच्या दाखल्यावर मिळतो. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७२१ ने सुरू होतो, रायगडच्या शाळांचा २७२४ ने. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘आपली शाळा जाणून घ्या’ या भागात हा क्रमांक टाकला की पट, शिक्षकसंख्या, खोल्या, स्वच्छतागृहं, माध्यम आणि शाळा कितवीपर्यंत आहे ते दिसतं.

ही माहिती शाळेनेच भरलेली असते आणि ती मागच्या वर्षाची असते. ‘ग्रंथालय: आहे’ याचा अर्थ कुलूपबंद कपाटातली दोनशे पुस्तकंही असू शकतो. तरी एक गोष्ट इथे चांगली कळते. तीन-चार वर्षांचा इयत्तावार पट शेजारी शेजारी मांडा. पहिलीत ६० मुलं आणि त्याच तुकडीची चौथीत ३८ असतील, तर मुलं कुठे गेली हा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारण्यासारखा आहे. दिघा, तुर्भे, रबाळे या एमआयडीसीच्या पट्ट्यात आई-वडिलांचं काम हललं की मुलं जातात, तिथे हे उत्तर खरं असतं. नौपाड्यात किंवा वाशीत ते तितकं पटत नाही.

बघायला कधी जावं? आत सोडतात का?

मुख्याध्यापकांना आधी भेटून किंवा चिठ्ठी देऊन वेळ घ्या. प्रवेश घ्यायचा आहे म्हटल्यावर बहुतेक शाळा दाखवतात, पटसंख्या टिकवायची त्यांनाही गरज असते. ‘आधी शिक्षण विभागाची परवानगी आणा’ असं म्हणाले, तर निदान परिपाठाच्या वेळी आणि मधल्या सुट्टीत आवारात थांबू द्या अशी विनंती करा.

जूनमधला प्रवेशोत्सव, स्नेहसंमेलनाचे दिवस आणि अर्धा शनिवार टाळा. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, धो-धो पावसाच्या साध्या मंगळवारी-बुधवारी जा. छत कुठे गळतं, व्हरांड्यात पाणी साचतं का, अशा दिवशी मुलं किती येतात आणि शिक्षक किती, हे सगळं एका फेरीत समजतं.

वर्गात गेल्यावर नजर कुठे ठेवायची?

फळ्याच्या कोपऱ्यात पट आणि उपस्थिती लिहिलेली असते. तो आकडा वाचा, मग डोकी मोजा. दोनचार मुलांचा फरक चालतो, दहाचा नाही. २०११च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली ती याच फरकापायी.

मग वह्या. मांडून ठेवलेल्या वह्या दाखवतील. तुम्ही मधल्या रांगेतल्या मुलाची गणिताची आणि मराठीची वही मागा. वहीत तीन गोष्टी पाहायच्या. शेवटची तपासणी कधीची आहे. पंधरा दिवसांच्या आतली असेल तर ठीक. चुकलेल्या उत्तरावरही बरोबरची खूण आहे का. असेल तर वही नुसती उलटली आहे, तपासलेली नाही. आणि शेजारच्या मुलाची वही शब्दन्‌शब्द तशीच आहे का. चार मुलांच्या वह्यांत ‘माझा आवडता सण’ एकाच वाक्याने सुरू होऊन एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह संपत असेल, तर तो निबंध फळ्यावरून उतरवलेला आहे. अशा वर्गात मुलं शांत आणि अक्षर सुंदर असतं, आणि पालक त्यावरच भाळतात.

वर्गातला आवाजही ऐका. शिक्षक विचारतात आणि सगळा वर्ग एका सुरात उत्तर देतो, यातून कोणाला येतं ते कळत नाही. नाव घेऊन विचारलेला प्रश्न, चुकीच्या उत्तरावर ‘कसं काढलंस ते सांग’ असा उलटा प्रश्न, मागच्या बाकापर्यंत मारलेली एक फेरी, एवढं वीस मिनिटांत दिसलं तर शिक्षक शिकवतो आहे असं आम्ही धरतो. मोबाइल, नोंदवह्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच तास जात असेल, तर तो दोष बऱ्याचदा त्या शिक्षकाचा नसतो. पण नुकसान मुलांचंच होतं.

मुलांना खरंच वाचता येतं का, हे कसं तपासायचं?

आमच्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. शाळेबद्दलचं बाकी सगळं याच्यानंतर.

लहान वर्गांतल्या मुलांना वाचन आणि अंकगणित यावं म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. त्याची उद्दिष्टं ढोबळमानाने अशी: पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या याव्यात. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, आणि ९९९९ पर्यंत संख्या.

तपासण्याची रीत: मुलाने न पाहिलेली साधी गोष्ट घ्या. पाठ्यपुस्तकातला धडा घेऊ नका, तो तोंडपाठ असतो. ६० शब्दांवर पेन्सिलने खूण करा आणि मिनिटभर वाचू द्या. बोट एका शब्दावर आणि तोंडात दुसराच शब्द, असं झालं तर मूल आठवणीने बोलतं आहे. खात्रीसाठी ओळीतला शेवटचा शब्द आधी, मग मधला असं विचारा. अक्षरं येतात पण ‘प्रश्न’, ‘कष्ट’, ‘पुस्तक’ इथे अडतं, तर जोडाक्षरांची तयारी कच्ची राहिली आहे. ती दोन-तीन महिन्यांत भरून निघते. काना-मात्रेतच गोंधळ असेल आणि मूल तिसरीत असेल, तर दोन वर्षं कोणी पाहिलेलंच नाही. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, एकाचं उत्तर मजकुरात सापडणारं आणि एकाचं ‘असं का केलं असेल?’ या धर्तीचं.

गणितासाठी दोन उदाहरणं पुरतात. चौथीच्या मुलाला ४०३ − १५७ द्या. उत्तर २४६. बरीच मुलं ३५४ लिहितात, कारण प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळी होतात. शून्याच्या घरातून दशक मोडून घेणं त्यांना समजलेलंच नसतं. एखाद्याचं चुकलं तर ते मूल चुकलं. पाचपैकी चौघांचं अगदी ३५४ आलं, तर शिकवणं चुकलं आहे. दुसरं उदाहरण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचं, तेही बाकी उरणारं. लहान वर्गात संख्या ऐकून लिहायला सांगा: एकोणपन्नास, एकोणसत्तर, पंचवीस. ‘एकोण’वाल्या संख्यांत कच्ची मुलं लगेच कळतात.

शाळेत हे करताना शिक्षक साहजिकच हुशार मुलं पुढे करतील. त्याऐवजी हजेरीपटावरचे ७, १४ आणि २१ क्रमांक मागा. मुलाला सगळ्यांपुढे उभं करू नका, बाजूला बसवून विचारा.

घरी मराठी न बोलणारी मुलं असतील तर हीच मोजपट्टी लावायची का?

पहिली-दुसरीत नाही. कळवा, दिघा, तुर्भे इथल्या मराठी माध्यमाच्या वर्गांत घरी हिंदी, भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुलं असतात. घणसोली, करावे, दिवाळे गावांत आगरी-कोळी बोली आणि येऊरच्या पाड्यांवर वारली. उच्चार किंवा बोलीतला शब्द चूक म्हणून मोजू नका. अशा शाळेत दुसरीचा वर्ग हळू वाचत असेल तर बिघडत नाही, पण चौथीचा वर्गही तितक्याच वेगाने वाचत असेल तर बिघडतं. दुसरी आणि चौथीतला फरक म्हणजे शाळेची स्वतःची भर. शिकलेल्या घरांतली मुलं जिथे येतात ती शाळा काही न करताही चांगली दिसते.

प्रगतिपुस्तकात तर सगळ्यांना अ श्रेणी असते. मग?

त्यावर विसंबू नका. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा, म्हणजे वर्षभरातली तोंडी कामं, कृती, प्रकल्प यांचा असतो आणि ३० टक्के संकलित परीक्षेचा. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. हे गुण वर्गशिक्षकच देतात. पद्धत मुळात चांगली आहे, पण शिक्षकाने नोंदी मनापासून केल्या तरच. वर्णनात्मक नोंदी वाचा. ‘नियमित अभ्यास करतो, उपक्रमात सहभागी होतो’ हीच ओळ दहा मुलांच्या पानांवर असेल तर ती तयार नोंदींच्या यादीतून उचललेली आहे. ‘वजाबाकीत दशक मोडताना अडते, काड्यांचे गठ्ठे दिले की जमते’ अशी नोंद दिसली तर त्या बाईंना सोडू नका.

त्यापेक्षा पॅट, म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणीचा इयत्तावार तक्ता मागा. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी आणि वर्षअखेरची संकलित चाचणी यांची तुलना करा. पेपर तपासणारे शाळेतलेच असतात, त्यामुळे गुणांच्या आकड्यापेक्षा कोणत्या प्रश्नावर मुलं अडली आणि शाळेने त्यावर काय केलं हे विचारा. उत्तर तयार नसेल तर तक्ता फक्त वर पाठवण्यासाठी केलेला आहे.

शिष्यवृत्तीचा निकाल लावलेला असतो, तो कितपत मानावा?

फलकावर झळकणाऱ्या नावांच्या खाली एक आकडा नसतो: परीक्षेला बसले किती आणि वर्गाचा पट किती. ४० जणांच्या वर्गातून निवडक सहा बसवून चार पात्र ठरवणारी शाळा आणि ३५ बसवून बारा पात्र ठरवणारी शाळा, यांत दुसरी कितीतरी पुढे. परीक्षेत १५०-१५० गुणांचे दोन पेपर असतात: पहिला प्रथम भाषा आणि गणिताचा, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्तेचा. तयारीचे जादा तास शाळेत मोफत होतात का, तेही विचारा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घेऊ देत नाही. वर्गशिक्षकच संध्याकाळी पैसे घेऊन क्लास घेत असतील तर ते बेकायदेशीर आहे.

किती मुलांमागे किती शिक्षक हवेत?

पहिली ते पाचवीसाठी कायद्याचं परिशिष्ट सांगतं: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५, १५० च्या वर मुलं असतील तर शिवाय मुख्याध्यापक. २०० च्या पुढे एका शिक्षकामागे ४० हून जास्त मुलं नकोत. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक, आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा यांना स्वतंत्र शिक्षक.

सरासरीवर जाऊ नका. शाळेचं प्रमाण ३२ दिसतं, पण पहिलीत ५५ मुलं एका बाईंकडे आणि वरच्या वर्गात १८, असंही होतं. पहिलीच्या वर्गाची मुलं मोजा, कारण पाया तिथे पडतो. मग विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यांतले कायम किती आणि ठोक मानधनावरचे किती, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे किती. प्रतिनियुक्तीवर गेलेला शिक्षक कागदावर इथलाच राहतो. मानधनावरचा शिक्षक कमी शिकवतो असं मुळीच नाही, पण करार संपून नवा होईपर्यंत वर्ग रिकामा राहण्याचा धोका असतो. निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारणाची कामं कलम २७ नुसार शिक्षकांना देता येतात. तेव्हा ‘त्या काळात वर्ग कोण सांभाळतं?’ याचं ठोस उत्तर घ्या. दोन इयत्ता एकत्र बसवतो असं म्हणाले, तर किती दिवस ते विचारा.

एकाच इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. वेळ पुरतो का?

कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. ८०० भागिले २०० म्हणजे दिवसाला निव्वळ चार तास. परिपाठ, मधली सुट्टी आणि आहार वाटपाचा वेळ वजा करून वेळापत्रक मोजा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं राज्य शासनाने २०२४ मध्ये ठरवलं. दोन अधिवेशनांच्या इमारतीत ते कसं बसवलं आहे ते पाहा. दुसरी अडचण साहित्याची. सकाळच्या शाळेने भिंतीवर लावलेले तक्ते दुपारपर्यंत फाटतात, म्हणून कोणीच काही लावत नाही.

डिजिटल वर्ग, टॅब, रंगवलेल्या भिंती?

पडद्यावरची धूळ बघा. आणि मुलांना विचारा, शेवटचं कधी लावलं होतं.

मराठी माध्यम, सेमी इंग्रजी की महापालिकेची सीबीएसई शाळा?

सेमी इंग्रजीत गणित (आणि पुढे विज्ञान) इंग्रजीतून. शिक्षकाला ते इंग्रजीतून समजावता येत असेल तरच त्याला अर्थ. वर्गात बसून ऐका. बाई इंग्रजीत वाचून लगेच मराठीत सगळं सांगत असतील आणि मुलं फक्त संज्ञा पाठ करत असतील, तर मराठी माध्यमातलं चांगलं गणित केव्हाही बरं.

नवी मुंबई महापालिका सीवूड्स आणि कोपरखैरणेला सीबीएसई शाळाही चालवते. तिथे जागा मिळणं अवघड असतं. मंडळाचं नाव बघून निर्णय घेऊ नका. वाचनाची आणि वह्यांची तपासणी तिथेही हीच.

पोषण आहारात काय तपासायचं?

पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाज्या, ५ ग्रॅम तेल. एकूण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाज्या, साडेसात ग्रॅम तेल. ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. शहरात बऱ्याच शाळांना अन्न बाहेरच्या स्वयंपाकघरातून येतं, त्यामुळे शिजवल्यापासून वाढेपर्यंत किती वेळ गेला हा कळीचा प्रश्न. उन्हाळ्यात बंद डब्यातली खिचडी लवकर आंबते. वाटपाआधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. सही वाढायच्या आधी होते की महिनाअखेरीस एकदम, ते पान उघडताच कळतं. त्या दिवशीची हजेरी आणि जेवलेल्यांचा आकडा जुळतो का पाहा. पिंप अर्धं परत जात असेल तर मुलांना विचारा, ती सरळ सांगतात.

इमारत आणि स्वच्छतागृहं?

मुलींचं सगळ्यात लांबचं स्वच्छतागृह, मधली सुट्टी संपताना. नळाला पाणी, दाराला आतून कडी, कचऱ्याला डबा. या तीन गोष्टी नसतील तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. टाकी कधी धुतली याची तारीख, अग्निशमन यंत्रावरची मुदत, उताराचा रॅम्प आणि तो शेवटपर्यंत वर्गात पोचतो का, हे बघा. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा.

सुरक्षिततेसाठी काय विचारावं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचाराची घटना घडल्यावर शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीबाबत आदेश काढले. कॅमेरा लावला आहे का, यापेक्षा चित्रण कोण आणि किती दिवसांनी पाहतं हे विचारा. तक्रारपेटी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आणि कार्यालयाच्या दारापासून दूर हवी. मुख्याध्यापकांच्या नजरेसमोरच्या पेटीत कोण चिठ्ठी टाकणार? लहान मुलींना स्वच्छतागृहात नेणारी महिला कर्मचारी आहे का, आणि ती रजेवर असली की कोण? मुलांना १०९८ हा क्रमांक ठाऊक असावा. शारीरिक शिक्षेला कलम १७ ने बंदी आहे. शिक्षकांच्या टेबलावर लाकडी पट्टी दिसली तर ती कशासाठी ते हसत हसत विचारून पाहा.

शाळा व्यवस्थापन समिती कागदावरच आहे का, कसं ओळखायचं?

समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात, अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सदस्य-सचिव, बैठक दरमहा. इतिवृत्ताची वही मागा. चार महिन्यांच्या बैठका एकाच शाईत, एकाच हाताने, सारख्याच विषयांवर असतील तर उत्तर मिळालं. ‘पाण्याची मोटर नादुरुस्त, पालिकेला पत्र’ असा ठराव आणि पुढच्या महिन्यात त्याचं काय झालं याची नोंद असेल, तर समिती जिवंत आहे. दोन पालक सदस्यांशी फाटकाबाहेर बोला. आपण सदस्य आहोत हे काहींना तिथेच पहिल्यांदा कळतं.

शाळा माहिती देत नसेल तर?

माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, उत्तराला ३० दिवस. ‘शाळेची सर्व माहिती’ असा अर्ज फेटाळला जातो किंवा रखडतो. नेमकं मागा: मागच्या १२ महिन्यांची समितीची इतिवृत्तं, मंजूर आणि रिक्त पदं, ३० सप्टेंबरचा इयत्तावार पट. प्रतींऐवजी अभिलेख पाहण्याची मागणी केली तर पहिला तास मोफत असतो, आणि समोर वही उघडली की प्रतीत न दिसणाऱ्या गोष्टीही दिसतात.

प्रवेशाला वय आणि कागदपत्रं?

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण. जन्मदाखला न्या, पण तो नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत मोफत.

शाळा फक्त चौथीपर्यंत आहे. पुढे?

पुढची शाळा कुठली, किती लांब आणि तिथपर्यंत रस्ता कसला, हे आत्ताच बघा. ठाणे-बेलापूर रोड किंवा घोडबंदर रोड ओलांडून जावं लागत असेल तर मुली पाचवीलाच गळतात. मुख्याध्यापकांकडे मागच्या वर्षीची चौथी कुठे गेली याची यादी असायला हवी.

प्रवेश घेतला, पण शाळा पटली नाही. वर्षाच्या मध्येच बदलता येते का?

येते. कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खरा घोळ संगणकावर होतो. जुन्या शाळेने मुलाचं नाव ऑनलाइन पटावरून मोकळं केलं नाही, तर नव्या शाळेत ते चढत नाही आणि संचमान्यतेसाठी (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्यासाठी) मोजला जाणारा ३० सप्टेंबरचा पट जवळ आला की जुनी शाळा चालढकल करते, कारण एका नावावर शिक्षकाचं पद अवलंबून असू शकतं. म्हणून दाखल्याचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि आधारवरचं व जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतं का ते आधी तपासा. ऑगस्टच्या मध्याआधी अर्ज केला तर बहुतेक वेळा आठवड्याभरात काम होतं. दिवाळीनंतर करायचं ठरवलंत तर पहिल्या सत्राच्या नोंदी आणि वह्या सोबत घेऊन जा, म्हणजे नव्या बाईंना मूल कुठे अडतं ते सांगत बसावं लागणार नाही.